शिडांच्या ताफ्यातून फौज न्यायची, तर सरदाराचं गलबत कुठे असावं?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. प्रश्नकर्ते सतराव्या शतकावर कादंबरी लिहितायत. त्यांचा सरदार फेब्रुवारीत मालवणहून ४० गलबतं आणि ३,००० सैनिक घेऊन निघतो, गोव्यावरून खाली उतरतो आणि दोन दिवसांत कर्नाटक किनाऱ्यावरच्या बसरूरला पोचतो. त्यांच्या मित्राचं म्हणणं असं, की वारा सगळ्यांना सारखाच, मग गलबतंही सारखीच चालणार. सरदारानं पुढे राहावं, बाकीच्यांनी मागोमाग यावं, यात अवघड ते काय?

आधी माझी पायरी सांगतो. सैनिक मी कधी नेलेले नाहीत. बावीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली आणि तिथं शीड नावालाही नव्हतं. त्यानंतर गेली चौदा वर्षं गोव्यात मांडवी नदीच्या तोंडाशी शिडाच्या होड्या शिकवतोय. दर हिवाळ्यात शिकाऊ मंडळी घेऊन सात ते अकरा होड्यांचा जथा कारवारपर्यंत नेतो आणि परत आणतो. माझे मामा फतेमारीवर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, तांडेल (खलाशांचे प्रमुख) होते, मंगलोरची कौलं पणजीला आणायचे. लहानपणी दोन वेळा त्यांच्याबरोबर गेलो होतो. तेव्हा पुढचं जे आहे ते अकरा होड्यांच्या अनुभवावर, मामांच्या बोलण्यावर आणि थोड्या वाचनावर उभं आहे. चाळीस गलबतांचा हिशेब मी कागदावर करतो, अकरांचा मात्र अंगावर घेतलेला आहे.

तुमच्या मित्राचं पहिलं वाक्य बरोबर आहे. वारा सारखाच असतो. पण गलबतं सारखी नसतात. एकाचं बूड दिवाळीनंतर वर ओढून खरवडलेलं असतं, त्याला चुना-चरबीचा ताजा थर असतो. दुसरं पावसाळ्यापासून खाडीतच उभं, बुडाला शेवाळ आणि कालवं. एकाचं शीड नवं, दुसऱ्याचं ठिगळांचं. एकावर सत्तर माणसं, दुसऱ्यावर ऐनवेळी नव्वद कोंबलेली. या फरकानं ताशी अर्धा सागरी मैल वेग सहज कमीजास्त होतो. ऐकायला किरकोळ वाटतं. रात्रीचे दहा तास धरा, म्हणजे पहाटेपर्यंत पाच सागरी मैलांचं अंतर पडलं. होडीत उभ्या माणसाला क्षितिज दिसतं जेमतेम तीन सागरी मैलांवर. बारा मीटर उंच डोलकाठीवर चढलात तर सातांवर. दुसऱ्या गलबताच्या शिडाचं टोक त्याच्याही पलीकडून दिसतं हे खरं, पण फेब्रुवारीतल्या सकाळी आमच्या किनाऱ्यावर जे धुरकट धुकं असतं, त्यात हा हिशेब निम्म्यावर येतो. म्हणजे वादळ नाही, शत्रू नाही, कुणाची चूक नाही, आणि तरीही एका रात्रीत ताफा फुटलेला असतो.

तेव्हा खरा प्रश्न ‘फौज समुद्रातून कशी न्यायची’ हा नाहीच. एकमेकांसारखी नसलेली चाळीस गलबतं एकत्र कशी ठेवायची, आणि त्यांवरच्या ज्या माणसांना समुद्राशी देणंघेणं नाही ती लढण्याच्या अवस्थेत कशी उतरवायची, हा आहे. सगळा ताफा सगळ्यात मंद गलबताच्या वेगानं चालतो. माझ्या अनुभवात त्याहूनही थोडा कमीच, कारण थांबण्यात, वाट पाहण्यात आणि हरवलेलं शोधण्यात वेळ जातो.

आता सरदार कुठे असावा ते. इथं मी स्वतः तोंडघशी पडलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्षी सात होड्या घेऊन दोना पावलाहून पहाटे निघालो. सगळ्यात चपळ होडी माझी. साहजिकच पुढे मी. सकाळी किनाऱ्यावरून मतलई वारा होता, सगळे छान ओळीत. अकराच्या सुमाराला तो पडला, तासभर शिडं लोंबकळत राहिली. मग दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटला आणि आम्ही भराभर दक्षिणेला निघालो. काब द रामचा कडा डावीकडे आला तेव्हा मी वळून पाहिलं, तर शिडं चार. माझं धरून पाच. दोन होड्या कुठेच नाहीत. दुर्बिणीतून पाहिल्यावर एक मागे किनाऱ्याच्या बाजूला दिसली, शीड अर्ध्यावर अडकलेलं. दोर कप्पीतून सुटून बाजूला बसला होता, शीड ना वर जात होतं ना खाली येत होतं. होडीतल्या तिघांपैकी दोघं काठाला धरून ओकत होते. दुसरी होडी तिच्या मदतीला थांबलेली. माझ्यापासून त्या चार सागरी मैलांवर, आणि वारा नेमका त्यांच्याकडून माझ्याकडे. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, नागमोडी जावं लागतं. ते चार मैल कापायला अडीच तास लागले. तोवर वारा त्यांना खडकांकडे ढकलत होता. पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता आणि त्यांचा नांगर सुदैवानं धरलेला होता. त्या दिवशी मी पुढारी नव्हतो, फक्त पहिला पोचणारा होतो.

घरी आल्यावर मामांना सांगितलं. ते तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी विड्याचं पान बाजूला ठेवलं आणि एवढंच विचारलं, ‘फुडें वचपाची घाय कित्याक? फाटलो खंय पावला तें पळय.’ म्हणजे, पुढे जायची घाई कशाला? मागचा कुठे पोचला ते बघ.

तेव्हापासून मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहतो. म्हणजे वारा ज्या दिशेकडून येतो, ताफ्याच्या त्या बाजूला. कारण साधं आहे. वरच्या अंगाला असलेला माणूस खालच्या कुणाकडेही मिनिटांत उतरू शकतो. खालच्या अंगाला असलेल्याला वर चढायला तास लागतात. ताफ्यात कुठेही काही बिघडलं, कुणी मागे पडलं, कुणावर चाचे आले, तर त्याच्यापाशी वेळेत पोचणं हेच नायकाचं काम. फेब्रुवारीत दक्षिणेला जाताना दुपारचा वारा मागून, उजवीकडून येतो. म्हणजे तुमचा सरदार ताफ्याच्या मागे, समुद्राच्या बाजूला हवा, तेही शीड थोडं उतरवून, मुद्दाम हळू चालत. पुढे कोण? एक लहान, हलकं गलबत आणि त्यावर किनारा पाठ असलेला तांडेल. वाट तो दाखवेल. हेच सगळे परत उत्तरेला येताना वारा समोरून असेल, तेव्हा तोच सरदार सगळ्यांच्या पुढे दिसेल. म्हणजे जागा वाऱ्याप्रमाणे बदलते, मानाप्रमाणे नाही.

त्याच्या जोडीला आणखी एक सवय लावून घेतली. पहाटे नांगर उचलताना सगळ्यात मंद होडी आधी सोडायची, चपळ शेवटी. दुपारपर्यंत सगळे आपोआप एकत्र येतात. शिकाऊ पोरांना यात अपमान वाटतो, तुमच्या सरदारांनाही वाटेल. त्या रुसव्यावर एक प्रकरण सहज निघेल.

नायकाचंच गलबत हरवलं तर? याचं सर्वात बोलकं उदाहरण आपल्याकडचं नाही, फ्रान्सचं आहे. डिसेंबर १७९६ मध्ये सुमारे १५,००० फ्रेंच सैनिक आयर्लंडवर उतरायला निघाले. सेनापती ऑश आणि आरमाराचा मुख्य, दोघं एकाच फ्रिगेटवर, म्हणजे वेगवान लढाऊ जहाजावर, बसले. पहिल्याच दिवसांत ते फ्रिगेट ताफ्यापासून तुटलं. बाकीची बरीच जहाजं बँट्रीच्या उपसागरात पोचली, पण हुकूम देणारे दोघंही समुद्रात कुठेतरी भटकत होते. पूर्वेचा वादळी वारा सुटला, आणि किनारा डोळ्यांसमोर असताना फौज न उतरवताच परतावं लागलं. माझ्या मते यात दोन चुका आहेत. दोन्ही मुख्य एकाच नावेत बसवणं ही एक. दुसरी, नायक नसला तर कुणी काय करायचं याचा अधिकार खालच्यांना मनापासून दिलेला नसणं. म्हणून निघण्याआधीच प्रत्येक तांडेलाला भेटीच्या तीन-चार जागा तोंडपाठ हव्यात. चुकलात तर अमुक खडकाच्या आडोशाला दोन दिवस थांबा, कुणी आलं नाही तर पुढच्या जागी जा.

तुमच्या काळात या जागा निवडणं सोपं नाही. वेंगुर्ल्याच्या खडकांपर्यंत ठीक. मग मांडवीच्या तोंडाशी आग्वाद, १६१२चा किल्ला, समोर काबो आणि पलीकडे मुरगाव. तिथं पोर्तुगिजांची नजर. त्यामुळे गोव्याचा पट्टा एक तर अंधारात ओलांडायचा किंवा किनारा दिसेनासा होईल इतकं बाहेर जाऊन. दोन्हीत ताफा फुटायचा धोका सगळ्यात जास्त. मालवण ते आग्वाद साधारण चाळीस सागरी मैल. म्हणजे दुसऱ्या दिवशीच, माणसं अजून ओकत असताना, तुमची सगळ्यात अवघड रात्र येते. लेखक म्हणून तुम्हाला हे फुकट मिळालंय.

त्या रात्रीच्या दिव्यांबद्दल सांगतो, कारण याविषयी पुस्तकांत फार काही सापडत नाही. एकदा अकरा होड्या घेऊन रात्री मुरगावच्या बाहेरच्या बेटांवरून चाललो होतो. प्रत्येकीला मागे एक पांढरा दिवा. दर अर्ध्या तासानं मी मोजत होतो: अकरा, अकरा, अकरा. निवांत होतो. उजाडल्यावर होड्या नऊ. रात्रभर मी दोन मच्छीमारांचे दिवे आपले म्हणून मोजत होतो. आमच्या दोन होड्या मध्यरात्रीच वारा पडल्यावर मागे राहिल्या होत्या. रेडिओ होता, पण एकाची बॅटरी संपलेली आणि दुसऱ्याचा कुणी चालूच केला नव्हता. तेव्हापासून आमच्या होड्यांवर एकाखाली एक असे दोन दिवे लावतो, मधे हातभर अंतर. असं दुसरं कुणी लावत नाही, म्हणून ओळख पटते. तुमच्या गलबतांवर मशाली लावाल तर जवळच्या तोफांच्या दारूच्या पिंपांचा विचार करा. झाकलेला कंदील बरा. आणि पोर्तुगिजांपासून लपायचं असेल तर दिवा फक्त मागच्याला दिसेल असा, तीन बाजूंनी फळी लावून. निशाण्या थोड्या ठेवा. थांबा, नांगर टाका, माझ्याजवळ या, शत्रू दिसला, एवढ्या चार पुरतात. पाचवी शिकवली की पहिल्या चार विसरतात, हा माझा दरवर्षीचा अनुभव.

आता पाणी. कादंबऱ्यांत समुद्रावरच्या लढाया असतात, पाण्याचं पिंप क्वचित असतं. माणसाला या हवेत पिणं आणि शिजवणं धरून दिवसाला चार लिटर तरी लागतं. ३,००० माणसांना १२,००० लिटर, म्हणजे रोज बारा टन. तुमच्या एका गलबतावर सरासरी ७५ सैनिक. नऊ दिवसांची बेगमी करायची तर २,७०० लिटर, म्हणजे पावणेतीन टन पाणी फक्त त्यांच्यासाठी, खलाशी वेगळे. रांजण हेलकाव्यात फुटतात, पखालींना वास येतो, लाकडी पिंपं नवी असली तर गळतात. मामांच्या फतेमारीवर पाण्याच्या लाकडी टाकीला कुलूप असायचं आणि किल्ली तांडेलाच्या कमरेला. मला तेव्हा ते कंजूसपणाचं वाटलं होतं.

अन्नाचं त्या मानानं सोपं: पोहे, गूळ, सुकं खोबरं, दशम्या. चूल दिवसातून एकदाच, नांगर टाकल्यावर, वाळूच्या खोक्यात. घोडे नेणार असाल तर एका घोड्याला तीस लिटरच्या वर पाणी, शिवाय वैरण, शिवाय उतरवण्याची कटकट. माझं ऐकाल तर घोडे गाळा.

नऊ दिवस का म्हणतो? कारण दोन दिवसांत बसरूर होणार नाही. मालवणपासून सरळ रेषेत साधारण १६० सागरी मैल. दिवसाची चाल अशी: पहाटेपासून दहापर्यंत मतलई, मग दीड-दोन तास पडता वारा, दुपारपासून सूर्यास्तापर्यंत खारा वारा, मग पुन्हा मंद. कामाचे तास नऊ-दहा, ताफ्याचा वेग ताशी तीन सागरी मैल धरला तर दिवसाला सत्तावीस ते तीस. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी पाच-सहा दिवस. वाऱ्यानं रुसायचं ठरवलं तर नऊ. वारा पडला की वल्ही मारता येतात, पण नव्वद माणसं भरलेलं गलबत वल्ह्यांवर दिवसभर ओढता येत नाही, आणि ओढणाऱ्याला पाणी दुप्पट लागतं.

सैनिक हे समुद्रात माल असतात, आणि वाईट माल. मीठ किंवा कौलं बांधून ठेवली की हलत नाहीत. माणसं हलतात. काही दिसलं की सगळे एका काठाला धावतात, गलबत कलतं. त्यातून आपल्याकडचं शीड तिरकं, लांबलचक परबानाला, म्हणजे शिडाच्या वरच्या काठीला, बांधलेलं. दिशा बदलून वारा दुसऱ्या बाजूला घ्यायचा तर ते परबान डोलकाठीच्या पुढून फिरवून पलीकडे न्यावं लागतं. मामांच्या फतेमारीवर हे करताना सहा-सात माणसं पुढच्या भागात मोकळी लागायची, मला दटावून मागे बसवलं जायचं. आता त्याच जागेत वीस मावळे सामानावर पाय पसरून बसलेत, अर्धे उलट्या करतायत, आणि तांडेल ओरडतोय. कोण उठणार? त्या दोन-तीन मिनिटांत गलबताचा ताबा कुणाच्याच हातात नसतो आणि शेजारून दुसरं येत असतं. टक्कर बहुधा अशीच होते. तेव्हा आधी खाडीत दोन दिवस सराव घ्यावा. कोण कुठे बसणार, ‘फिरवा’ म्हटलं की कुणी कुठे सरकायचं, एवढाच. आमच्या शिकाऊंनाही मी पहिला दिवस फक्त बसायला शिकवतो. पैसे देऊन आलेले लोक यावर कुरकुरतात.

आणि हुकूम कुणाचा, हे किनाऱ्यावरच ठरलेलं बरं. पाण्यावर तांडेल सांगेल ते, वाळूला पाय लागला की सरदार सांगेल ते. मराठ्यांच्या आरमारात मायनाक भंडारी, दौलतखान अशी माणसं वर आली आणि गलबतांवर भंडारी, कोळी, गाबित होते, यात हेच शहाणपण दिसतं. पण घोड्यावरून आलेला सरदार एका गाबताचं ऐकेल का, हे त्या-त्या माणसावर.

रात्री नांगर टाकायचा तर पाच पुरुष, म्हणजे नऊ मीटर, खोलीवर दोर त्याच्या पाचपट सोडावा लागतो, म्हणजे पंचेचाळीस मीटरच्या आसपास. गलबत त्या दोराभोवती फिरतं. सगळी एकाच वेळी एकाच दिशेला फिरतात म्हणून जवळजवळ लावता येतात. घात होतो पहाटे, मतलई सुटताना. लहान हलकी गलबतं वाऱ्याबरोबर लगेच वळतात, मोठी जड अजून भरती-ओहोटीच्या ओढीला धरून असतात, आणि दोर एकमेकांत जातात. म्हणून मोठी बाहेर, लहान आत, मधे मोकळी पट्टी.

नदीत शिरण्याचं मात्र नीट लिहा, बहुतेकांचं तिथंच चुकतं. आपल्या किनाऱ्यावरच्या जवळपास प्रत्येक नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. गोव्यात उधाणाच्या भरतीला पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, दक्षिणेकडे त्याहून कमी. भरलेलं गलबत दांड्यावरून फक्त भरतीच्या आगेमागे दीडेक तास जाऊ शकतं, म्हणजे एकूण तीन तास. वाट अरुंद, एकामागून एकच. दोघांत पाच मिनिटांचं अंतर ठेवलं तरी चाळीस गलबतांना दोनशे मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. शेवटची तीन-चार बाहेरच राहणार किंवा वाळूत रुतणार. आणि एखादं मधेच रुतलं तर त्याच्यामागची सगळी बाहेर. कोण आधी जाणार, हा मानपानाचा नाही, फौज तुकड्यांत कापली जाण्याचा प्रश्न आहे. मी असतो तर पहिल्या दहांत निवडक लढणारे, मग पाणी-दारूगोळा, शेवटी बाकीचे. आणि रुतणाऱ्याला बाजूला ओढायला दोन रिकामे मचवे दांड्यावर उभे.

हा दांडा पावसाळ्यात किती निर्दय होतो ते अल्बुकर्कला विचारा. १५१० मध्ये त्यानं गोवा घेतलं आणि आदिलशाही फौजेपुढे शहर सोडून जहाजांवर चढावं लागलं, पण तोवर पावसाळा आला होता. मे अखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सगळा ताफा मांडवीतच अडकला, एका बाजूला आदिलशाही तोफा आणि दुसऱ्या बाजूला बंद झालेलं नदीचं तोंड. उपासमार झाली. पुन्हा आला तो नोव्हेंबरात, हवा धरून, आणि २५ नोव्हेंबरला शहर घेतलं. तुमची मोहीम फेब्रुवारीत आहे, त्यामुळे ही भीती नाही. पण ती एप्रिलपलीकडे लांबवू नका.

उतरायला जागाच मिळाली नाही तर फौजेचं काय होतं, हे कारवारजवळच्या अंजदीव बेटावर घडलंय. इंग्रजांना मुंबई हुंड्यात मिळाली, ती ताब्यात घ्यायला सर अब्राहम शिपमनच्या हाताखाली चारशेच्या वर सैनिक १६६२ मध्ये आले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी मुंबई द्यायला नकार दिला. नेलेली फौज परत न्यायची सोय नाही, उतरवायला बंदर नाही. शेवटी ती अंजदीववर ठेवली. ताप, हगवण, वाईट पाणी. शिपमन स्वतः १६६४ मध्ये तिथंच गेला. मुंबई हाती आली तेव्हा शंभरच्या आसपास माणसं उरली होती. मी दरवर्षी ते बेट उजवीकडे ठेवून कारवारात शिरतो. लढाई झालीच नाही आणि फौज संपली. ‘पोचल्यावर बघू’ म्हणणाऱ्या शिकाऊला मी ही गोष्ट सांगतो.

मुंबई इंग्रजांच्या हाती आली तो महिना फेब्रुवारी १६६५. आणि त्याच महिन्यात, तुमच्या कादंबरीला जवळची अशी खरी मोहीम झाली. शिवाजी महाराज मालवणहून बसरूरला गेले. इंग्रजांच्या कारवारच्या पत्रात ८५ फ्रिगेटं आणि तीन मोठी जहाजं असा आकडा आहे. इथं फ्रिगेट म्हणजे आपली लहान लढाऊ गलबतं, मघाच्या फ्रेंच जहाजासारखं नव्हे. तुमच्या चाळिसाच्या दुपटीहून जास्त. मला त्या पत्रात लुटीपेक्षा परतीचा तपशील खिळवून ठेवतो. बसरूरनंतर महाराज गोकर्णला उतरले, आरमार पुढे पाठवून दिलं, आणि स्वतः सुमारे ४,००० पायदळ घेऊन जमिनीवरून अंकोल्याकडे निघाले. जवळ ठेवली फक्त बारा गलबतं, वाटेतल्या नद्या ओलांडायला.

इतिहासकार याची कारणं राजकारणात शोधतील, आणि कारवारकडून खंडणी घ्यायची होती हेही खरं. मी वारा बघतो. जाताना जो वायव्येचा वारा पाठीशी होता, तोच येताना तोंडावर. मामांना रिकाम्या फतेमारीतून मंगलोरला जायला चार दिवस पुरायचे, कौलं भरून परतायला दहा-बारा. रात्रीच्या मतलईत किनाऱ्याला घासून थोडं वर सरकायचं, दुपारी खारा वारा सुटला की एखाद्या कड्याच्या आडोशाला नांगर टाकून झोपायचं. बारा दिवस ४,००० माणसं गलबतांवर ठेवायची म्हणजे त्यांच्या पाण्यासाठी रोज किनाऱ्याला लागणं आलंच. त्यापेक्षा माणसांना पायांनी चालवा, त्यांना विहिरीचं पाणी मिळू द्या, आणि हलकी झालेली गलबतं आपल्या चालीनं वर येऊ द्यात. काळी, गंगावळी अशा नद्या आडव्या येतात, तेवढ्यापुरत्या बारा पुरे. तुमचा सरदार परतताना काय करतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो बसरूरहून सगळ्यांना पुन्हा गलबतांत बसवत असेल, तर निदान त्याच्या तांडेलानं त्याला आधी एकदा आकाशाकडे बोट दाखवून अडवायला हवं.